उडदाची बुबुळं

आमच्या वाडीत गोळ्यांचं रिकामं पाकीट कचऱ्यात जात नाही, शर्मिलाकाकीकडे जातं. गोळ्या रक्तदाबाच्या असोत, साखरेच्या असोत नाहीतर गुडघेदुखीच्या, तिला त्याच्याशी कर्तव्य नाही. पाकिटाचे फुगवटे आरपार दिसणारे हवेत, एवढीच तिची अट. चंदेरी पत्र्याचं बंद पाकीट कुणी आणून दिलं तर ती ते तसंच परत करते. "ही आंधळी पाकिटां माका नको," म्हणते.

काकी अंगणवाडीत मदतनीस आहे. सकाळी घरोघरी जाऊन पोरं गोळा करायची, त्यांची नाकं पुसायची, खाऊ शिजवायचा, भांडी घासायची, आणि दुपारी एकेकाला ज्याच्या त्याच्या दारात नेऊन सोडायचं. त्यानंतर जेवून ती पडवीत बसते आणि डोळे बनवते.

बाहुल्यांचे डोळे. पाकिटाचा एक फुगवटा कात्रीने गोल कापायचा, त्यात एक काळा उडीद टाकायचा आणि मागून पांढरा जाड कागद चिकटवायचा. बाहुली हलली की उडीद आतल्या आत धावतो, आणि कापडाचा बेडूक एकदम आपल्याकडे बघायला लागतो. पांढऱ्या कागदासाठी काकी लग्नपत्रिका वापरते, कारण तसला चांगला कागद घरात दुसरा येत नाही. आमच्या अंगणवाडीतल्या घुबडाचा उजवा डोळा उलटा करून बघितला तर मागे कुणाच्या तरी लग्नातलं 'आपले आगमन प्रार्थनीय' वाचता येतं.

मोठे डोळे हवे असले तर सामान बदलतं. तारकर्लीला येणारे पर्यटक फळांचे तुकडे खाऊन प्लास्टिकची घुमटासारखी झाकणं टाकून जातात, ती काकीला पोचवणारी माणसं आहेत. त्यांच्यात बुबुळ म्हणून झिजलेल्या काळ्या चपलेचा गोल तुकडा बसतो. शिमग्यात दोन माणसं आत शिरून बैल होतात, त्या बैलाच्या डोळ्यांना काकीने करवंटीच्या पापण्या केल्या आहेत. छत्रीच्या मोडक्या काडीला दोरी बांधली आहे. आतल्या माणसाने दोरी ओढली की बैल डोळा मिटतो. गेल्या शिमग्यात त्याने सरपंचांकडे बघून डोळा मिटला, त्याची चर्चा पाडव्यापर्यंत पुरली.

मी एकदा तिला विचारलं होतं की या सगळ्याला सुरुवात कशी झाली. ती म्हणाली, तिचा मुलगा लहान होता तेव्हा तिने झंपरांच्या कापडातून त्याला पोपट शिवला आणि डोळ्यांना बटणं लावली. मुलगा पोपटाला घाबरून रडला. तिला काही उलगडेना. मग तिने पोपट दूर धरून बघितला आणि तिच्या लक्षात आलं.

"बाजारात बांगडो घेताना तू पयलो काय बघतंस गो? डोळोच मा? डोळो थिजलो काय बांगडो शिळो. तसोच तो पोपट. मेलेलो. मेलेलो पोपट घेवन झोपाक कोणाक बरा वाटात?"

सासूच्या गोळ्यांचं पाकीट तिथेच पडलं होतं. तो मुलगा आता गोव्यात एका हॉटेलात आचारी आहे. पोपट अजून त्याच्या खोलीत टांगलेला असतो, असं काकी सांगते.

तर गोळ्या खाणाऱ्या म्हाताऱ्यांना आपल्याकडे या धंद्याचं अर्धं श्रेय आहे असं वाटतं. महादूआजा तर अंगणवाडीच्या प्रत्येक कार्यक्रमाला पुढे येऊन बसतात आणि शेजाऱ्याला दाखवतात, "तो बेडूक बघतंस? तो माज्या प्रेशरच्या डोळ्यान बघता." त्यांच्या सूनबाई म्हणतात, पूर्वी गोळी घ्या म्हणून मागे लागावं लागायचं. आता काकीने पाकीट मागितलं की आजा स्वतः पाणी मागतात.

हे सगळं मी इतकी वर्षं कौतुकाने, पण लांबून बघत होते. जवळ गेले ती तेजस्वीच्या डोळ्यामुळे.

तेजस्वी माझी मुलगी. पाचवं सरून सहावं लागलं होतं आणि तिचं अंगणवाडीचं शेवटचं वर्ष होतं. जूनमध्ये आरोग्य तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी तिचा एक डोळा झाकला, मग दुसरा झाकला, आणि मला बाजूला बोलावलं. आम्ही कुडाळला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. उजवा डोळा झाकल्यावर समोरच्या तक्त्यावरचं सगळ्यात वरचं मोठं चित्रसुद्धा तिला नीट सांगता येईना. ती हसत होती. मला वाटलं खेळते आहे. ती खेळत नव्हती.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. डावा डोळा किंचित आत वळतो, म्हणून मेंदूने त्याचं ऐकणंच सोडून दिलं आहे. उजवा सगळं काम करतो आणि डावा नुसता बसून असतो. उपाय एकच, चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावायची आणि त्या वेळात आळशी डोळ्याला बारीक काम द्यायचं. या वयात मेंदू ऐकतो, नंतर ऐकत नाही. दिवाळीच्या आधी पुन्हा दाखवायला या, म्हणाले.

मी सगळं नीट ऐकून घेतलं, हसून आभार मानले, आणि एसटीत बसल्यावर कसालपर्यंत खिडकीकडे तोंड करून राहिले.

पट्टी लावणं म्हणजे काय असतं ते पुढच्या आठवड्यात कळलं. वर्गातल्या एका मुलाने तेजस्वीला काणी म्हटलं. त्यानंतर पट्टी तिच्या डोळ्यावर टिकेना. ती काढायची आणि मिळेल तिथे चिकटवून मोकळी व्हायची. एक पट्टी मला गॅसच्या सिलिंडरवर सापडली, एक शेजारच्या वासराच्या कपाळावर. मी चॉकलेट देऊन बघितलं, टीव्ही लावून बघितला, रागावून बघितलं. निलेश, माझा नवरा, ओरोसला ऑफिसातून दुपारी फोन करून विचारायचा, लावली का? मी लावली म्हणायचे, आणि बोलता बोलता बघायचे तर पट्टी टेबलाच्या पायाला. रात्री ती झोपली की मी तिच्या मिटलेल्या डाव्या पापणीकडे बघत बसायचे. महिना असाच गेला.

एके दुपारी मी काकीकडे घरातली रिकामी पाकिटं द्यायला गेले. तेजस्वी बरोबर होती आणि त्या दिवशी नशिबाने पट्टी डोळ्यावरच होती, कारण ती रुसली होती आणि रुसल्यावर तिला काही काढायचं सुचत नाही.

काकीने तिच्याकडे बघितलं. मी मनातल्या मनात म्हटलं, देवा, आता हिने अगो बाय माजे म्हणून कीव करू नये.

काकीने कात्री खाली ठेवली. "ह्या मेस्त्रीण कोणाचा?"

तेजस्वीने मान वर केली.

काकीचे वडील बाबली मेस्त्री, सुतार. पंचक्रोशीतल्या दरवाज्यांना आणि गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या लाकडी माटवींना त्यांचा हात लागलेला. मी त्यांना बघितलं नाही, पण काकी त्या दिवशी उठून त्यांच्यासारखी उभी राहिली. एक फूटपट्टी नाकाला लावून धरली, एक डोळा घट्ट मिटला आणि दुसऱ्याने पट्टीच्या कडेवरून लांबवर बघितलं.

"माजो बापूस फळी सरळ आसा काय बघूक असो एक डोळो मिटी," ती म्हणाली. "दोन डोळ्यांनी बघता तो गिऱ्हाईक. एका डोळ्यान बघता तो मेस्त्री."

मग तिने आपली अडचण सांगितली. तिला जवळचं दिसेनासं झालं आहे. चष्मा होता, पण शिमग्यात ती त्याच्यावरच बसली. आता उडीद आणि उंदराची लेंडी दोन्ही सारखीच दिसतात. आणि सप्टेंबरात अंगणवाडीत पोषण महिन्याचा कार्यक्रम आहे, भाज्यांच्या बाहुल्यांचं नाटक करायचं आहे. एवढे डोळे कोण करणार? कुणी मेस्त्री मिळाला असता तर बरं झालं असतं.

तेजस्वी पायरी चढून वर गेली आणि पडवीत काकीसमोर बसली.

तिला पहिलं काम मिळालं ते उडीद निवडायचं. किडका नको, चपटा नको, खडा नको. मग एकेक उडीद फुगवट्यात टाकायचा. कागद चिकटवायचं काम काकीचं, पण शेवटची तपासणी पुन्हा तेजस्वीची. तयार डोळा कानाशी नेऊन हलवायचा, मग समोर धरून आत बुबुळ धावतं की नाही ते बघायचं. धावलं तर 'जितो' म्हणायचं, कुठे चिकटून बसलं तर 'मेलेलो'. जिते एका वाटीत, मेलेले दुसऱ्या वाटीत. मेस्त्रिणीने जो मेलेला ठरवला तो काकी पुन्हा उघडायची. हुज्जत नाही.

पहिले काही दिवस फार वाईट होते. मला बघवायचं नाही. तिचे उडीद फुगवट्याच्या बाहेरच पडायचे. ती चाचपडायची, नाक कागदाला लागेपर्यंत वाकायची. खड्याला उडीद म्हणायची. मी पुढे झाले की काकी मला काहीतरी आणायला आत पाठवायची. पाणी आण गो, सुपारी आण गो. एकदा तिने मला मीठ आणायला पाठवलं. पडवीत मिठाचं काय काम, ते मी अजून विचारलेलं नाही.

आणि माझ्या काळज्या काही थोड्या नव्हत्या. उडीद नाकात गेला तर? पाकिटाच्या पत्र्याने बोट कापलं तर? काकी डोळे चिकटवायला चपलांचं सोल्युशन वापरायची, त्याच्या वासाने पोरीचं डोकं दुखलं तर? पहिल्या दोन काळज्यांवर काकीने नुसती मान हलवली. तिसरी तिला पटली. सोल्युशनची ट्यूब तिने फळीवर ठेवून दिली आणि तांदळाच्या पिठाची खळ शिजवली. जुन्या काळी कंदिलाला कागद ह्याच खळीने चिकटायचे, तुझ्या पोरीला वास नाही लागणार, म्हणाली. मी घरी जाताना फार हलकी झाले होते.

पट्टीचं नाव मला काढावं लागेना. दुपार झाली की तेजस्वी स्वतः डबीतून पट्टी काढून आणायची, मला लावायला सांगायची आणि निघायची. ज्याने काणी म्हटलं होतं तो मुलगाही एकदा आपल्या डोळ्यावर कागद चिकटवून पडवीत आला. काकीने त्याला आत घेतलं नाही. एका वेळी एकच मेस्त्री, म्हणाली. त्या दिवशी तेजस्वी रात्री जेवताना दोन भाकऱ्या जेवली.

चतुर्थी जवळ आली तसे डोळे पुरे झाले. भोपळ्याला आणि वांग्याला डोळे मोठे लागतात म्हणून त्यांना झाकणांच्या घुमटात जुन्या कोटाची काळी बटणं. बाकी सगळ्यांना उडीद, काकीच्या स्वतःच्या शेताच्या मेरेवरचा, घरचा. शेवग्याची शेंग, लाल माठ, अंडं, केळं आणि एक बांगडा. बांगडा भाजी नाही हे मी सुचवून बघितलं, पण बांगड्याशिवाय पोषण कसलं, असं काकीचं म्हणणं होतं. बाहुल्यांना दमट हवा लागू नये म्हणून तिने त्या सगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या आणि गाठ मारली. अंगणवाडीला सुट्टी लागली. घरोघरी गणपती आले, भजनं झाली, मोदक झाले, विसर्जनं झाली.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी तेजस्वीला घेऊन लवकर गेले. तालुक्याहून पर्यवेक्षिकाबाई यायच्या होत्या. आया जमत होत्या, महादूआजा पुढची खुर्ची धरून बसले होते. पडद्याला निळी साडी बांधली होती. मागे काकी एकटी, आणि तिच्यासमोर ती पिशवी. तिने गाठ सोडली आणि बाहुल्या काढून तेजस्वीच्या मांडीवर दिल्या. शेवटची तपासणी मेस्त्रिणीची, हे ठरलेलंच होतं. तेजस्वीने घरून निघतानाच माझ्याकडून पट्टी लावून घेतली होती.

तिने शेंग कानाशी हलवली. मग अंडं हलवलं. मग बांगडा समोर धरला आणि बघतच राहिली.

"काकी, ह्या डोळ्याक शेपटी इली."

"धागो आसतलो," काकी साडीची गाठ आवळत म्हणाली. "उपटून टाक."

"धागो नाय. आतसून इलीहा. पांढरी आसा, आणि टोकार पिवळी."

मी तिच्या शेजारीच उभी होते. मी वाकून बघितलं. बांगड्याच्या डोळ्यात, प्लास्टिकच्या आत, फुगलेल्या उडदातून एक मोड निघाला होता. केसापेक्षा थोडा जाड. कडेला वळला होता, आणि टोकाशी खरोखर पिवळट होता, इतका की मला ते टोक शोधावं लागलं.

ते टोक तिला दिसलं होतं. उजव्या डोळ्यावर पट्टी असताना.

मी बांगड्यावरून मान वर करेना, हे काकीच्या लक्षात आलं असावं. ती पटकन आली, बांगडा हातात घेतला आणि दुसऱ्या हाताने कमरेच्या पिशवीतून चष्मा काढून नाकावर चढवला. काडीला दोरा गुंडाळलेला होता, पण दोन्ही काचा चांगल्या शाबूत. तिने डोळा बघितला. "अरे माज्या कर्मा, मोड," ती पुटपुटली. मग तिने मान वर केली आणि मी तिच्या चष्म्याकडे बघते आहे हे तिला दिसलं.

तेजस्वीची पाठ आमच्याकडे होती, ती दुसऱ्या बाहुल्या तपासत होती. काकीने चष्मा सावकाश काढून पदराखाली घेतला.

"शिमग्यात मोडलो होतो ना?" मी हळूच विचारलं.

"मोडललो. दुसऱ्याच दिवशी दोरो बांधलंय." तिने तेजस्वीकडे बघितलं. "माका चष्मो आसा म्हटल्यार ता कित्याक येतला कामाक?"

एवढंच ती बोलली. मला एकदम पाणी आणि सुपारी आणि मीठ आठवलं. मी आत असताना तिने त्या चष्म्याने किती उडीद पुन्हा निवडले असतील, कोण जाणे.

पण रडायला वेळ नव्हता, कारण बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. घरचा उडीद, ओली खळ, वर प्लास्टिकचा घुमट आणि भाद्रपदातला दमटपणा. आठवडाभर पिशवीत त्या बाहुल्यांच्या डोळ्यांत शेतीच झाली होती. शेंगेचे मोड आतल्या आत गोल फिरले होते. केळ्याच्या एका डोळ्याने मागचा कागद उचलून मोड बाहेर काढला होता आणि तो मिशीसारखा लोंबत होता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे उडीद फुगून फुगवट्यात घट्ट बसले होते. बटणांचे सोडले तर एकही डोळा हलत नव्हता.

थिजलेल्या डोळ्यांची बाहुली काकी पडद्यावर आणत नाही. तिने कात्री घेतली. डोळे काढून टाकते आणि आंधळ्याच बाहुल्या नाचवते, म्हणाली, पण मेलेले डोळे पोरांना दाखवणार नाही. तिचा चेहरा मी पहिल्यांदाच तसा उतरलेला बघितला. इतक्या दुपारींचं काम होतं ते.

"मेस्त्रीण, सगळे मेलेले मा?" तिने विचारलं. ती विचारल्याशिवाय कापणार नव्हती. शब्द मेस्त्रिणीचा.

तेजस्वीने बांगडा पुन्हा कानाशी नेला आणि हलवला. काही वाजलं नाही. तिने तो समोर धरून बघितला. मग खूप विचार केला. तिचं तोंड विचार करताना थोडं उघडं राहतं.

"हलणत नाय," ती म्हणाली. "पण वाढतत."

"मगे?"

"मगे जिते."

काकीने कात्री खाली ठेवली.

नाटक भोपळ्याच्या गाऱ्हाण्याने सुरू झालं. भोपळ्याने बटणांचे डोळे गरगर फिरवत आणि काकीच्या आवाजात खर्ज लावून देवाला साकडं घातलं, "बा देवा म्हाराजा, ज्या पोरांक भाजी बघल्यार ताप येता, तेंचो ताप दूर कर रे म्हाराजा." अंगणवाडीभर आवाज घुमला, "होय म्हाराजा." "आणि ज्यो आवशी पोरांक भाजीच्या बदलाक बिस्कुटा देतत, तेंका चांगली बुद्धी दी रे म्हाराजा." आयांचा होय म्हाराजा जरा बारीक आला. महादूआजांचा मात्र तिसऱ्या घरी ऐकू गेला असेल.

मग एकेक बाहुली आली. पुढे बसलेल्या पोरांना आधी कळलं. "केळ्याक मिशी इली," कुणीतरी म्हणालं आणि हशा पसरत मागे गेला. पर्यवेक्षिकाबाई चष्मा सारखा करून पुढे वाकल्या. काकी पडद्याच्या वरून डोकं काढून एकदम शुद्ध मराठीत, ऑफिसात बोलतात तशी, म्हणाली, "मॅडम, मोड आलेली कडधान्यं द्या असं तुम्हीच मागच्या बैठकीत सांगितलंत. पोरांच्या आधी बाहुल्यांनी ऐकलं."

बाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. नाटक संपल्यावर त्यांनी बांगडा मागून घेतला आणि त्याच्याबरोबर फोटो काढला. पोरांनी त्या दिवशी खाऊतली मोडांची उसळ मागून मागून खाल्ली. उसळ खाऊन आपल्याही डोळ्यांतून शेपटी येते का, ते बघायला ती दुपारभर एकमेकांचे डोळे तपासत होती. आणि तेजस्वी पट्टी लावून मधोमध बसून निकाल देत होती. सगळे जिते.

महादूआजा तेवढे थोडे नाराज होते. त्यांच्या प्रेशरच्या डोळ्यात मोड आला नव्हता. बेडकाचे डोळे जुने, सोल्युशनचे. पुढच्या वेळी खळच वापर, असं त्यांनी काकीला बजावलं.

दिवाळीच्या आधी आम्ही कुडाळला गेलो. काकी बरोबर आली, कारण तेजस्वीने तिच्याशिवाय येणार नाही असं सांगितलं होतं. आदल्या रात्री मी झोपले नव्हते. मोड दिसला ही एक गोष्ट, तक्ता दिसणं दुसरी. मी स्वतःला बजावून ठेवलं होतं की एक ओळ जरी वाचली तरी खूप झालं.

डॉक्टरांनी उजवा डोळा झाकला. तेजस्वीने वरचं चित्र सांगितलं. मग खालची ओळ सांगितली, मग त्याखालची. चौथ्या ओळीत ती थांबली, पुढे झुकली, एक चुकली आणि बाकीची बरोबर सांगितली. मी खुर्चीची कड धरून बसले होते. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून मान डोलावली आणि विचारलं, घरी काय करून घेता हिच्याकडून? मी म्हटलं, डोळे. त्यांना वाटलं मी घाबरून काहीतरी बोलले.

अजून पुष्कळ वाट आहे, पण मेंदू ऐकायला लागला आहे, ते म्हणाले. पट्टी आता थोडी कमी वेळ लावली तरी चालेल.

"कमी नको," तेजस्वी म्हणाली. "माका काम आसा." दिवाळीत जाळायच्या नरकासुराचे डोळे करायचे आहेत, पोरांनी काकीला मोठ्या परातीएवढे सांगितले आहेत, हे तिने त्यांना समजावून दिलं.

डॉक्टरांच्या टेबलावर प्लास्टिकचा एक मोठा डोळा होता, आत काय काय असतं ते दाखवायचा. मी औषधाचं विचारत होते तोवर तिने तो उचलला, कानाशी नेला आणि हलवला. मग तो जपून जागेवर ठेवला आणि माझ्या कानात सांगितलं, तो मेलेला आहे. डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून ती मोठ्याने बोलली नाही.

परतीच्या बसमध्ये काकी खिडकीशी बसली होती, तेजस्वी आमच्या मध्ये. मी निलेशला फोनवर ओळी मोजून सांगत होते. कसाल गेल्यावर काकीने कमरेची पिशवी सोडली, चष्मा काढला आणि सगळ्यांसमोर नाकावर ठेवला.

"तुजो चष्मो," तेजस्वी म्हणाली.

"गावलो."

"खंय होतो?"

"माळ्यार. आता नरकासुराचे डोळे मोठे, ते करूक दोन मेस्त्री होये. म्हणान शोधून काढलंय."

तेजस्वीने हात पुढे केला. काकीने चष्मा तिच्या हातावर दिला. तिने तो कानाशी नेला आणि हलवला. दोरा गुंडाळलेली काडी कडकड वाजली.

"जितो," तिने सांगितलं आणि परत दिला.